क्राफ्टिंग सुधारायचंय? आधी कट्यारी कुठे जातात ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या चार-पाच मराठी मित्रांनी मिळून होळकरकालीन माळव्यावर बेतलेला एक ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम बनवलाय. लढाया रंगतात, गिल्ड (खेळाडूंचे गट) जमल्यात, पण क्राफ्टिंगकडे, म्हणजे वस्तू घडवण्याकडे, कुणी फिरकत नाही. लोहार विसाव्या लेव्हलला पोचायला शेकडो कट्यारी ठोकतो, त्या कुणाला नको असतात, आणि चांगली हत्यारं तर बॉस, म्हणजे गेममधला बडा शत्रू, मारल्यावरच मिळतात. आता घडवायच्या वस्तूंच्या नवीन रेसिपी वाढवाव्यात, की क्राफ्टिंगमध्ये एखादा मिनीगेम घालावा, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर:

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. रेसिपी वाढवल्यात की पहिला आठवडा धामधूम होईल, मग लोक त्यातली सर्वात स्वस्तात पॉइंट देणारी शोधून काढतील आणि कट्यारीऐवजी तिचा ढीग लागेल. दुखणं रेसिपीच्या खिडकीत नाहीच. तुमच्या जगात बनलेली वस्तू जगातून बाहेर पडत नाही, हे खरं दुखणं.

तुम्ही दिलेले आकडेच मांडून बघू. विसाव्या लेव्हलला 4,000 पॉइंट लागतात, एका कट्यारीला 10 मिळतात. म्हणजे एका लोहाराच्या 400 कट्यारी. सर्व्हरवर 300 लोहार धरले तर 1,20,000 कट्यारी. आणि प्रत्येक खेळाडूला कमरेला लावायला लागते एक. ती तुटत नाही, हरवत नाही, त्यामुळे दुसरी कधी लागतच नाही. कट्यारीला तीन लोह आणि एक कातडं, म्हणजे बाजारभावाने अठरा नाण्यांचा माल. विकली जाते बाराला, कारण एनपीसी वाणी (गेमच चालवतो ते पात्र) बाराला घेतो आणि भाव त्याच्या खाली जाऊ शकत नाही. समजा निम्म्या कट्यारी वाण्याकडे गेल्या, तर 7,20,000 नाणी तुम्ही हवेतून छापलीत. वाणी वस्तू गिळतो खरा, पण तेवढ्याच वेळात नाण्यांचा नळ सोडतो. मग महिन्याभरात सगळंच महाग होतं आणि गिल्डवाले तुमच्या नावाने शंख करतात.

हे काही तुमच्यावरच ओढवलेलं नाही. 1997 मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइनने सुरुवातीला उलट प्रयोग करून पाहिला होता: जगातला कच्चा माल मोजका, वापरला गेला की फिरून जगात येणार. खेळाडूंनी काय केलं? साठवून ठेवला. माल फिरेना, नवीन उगवेना, आणि शेवटी ती बंद साखळी सोडावी लागली. माणूस पेटी भरतोच, हे गृहीत धरूनच आखणी करायला हवी.

ज्या गेममध्ये कारागीर खरोखर जगतो, तिथे वस्तू मरते. ईव्ह ऑनलाइनमध्ये, 2003 पासून, बहुतेक सगळी अंतराळजहाजं खेळाडूच बांधतात आणि लढाईत फुटलेलं जहाज परत येत नाही. जानेवारी 2014 मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या एका सौरमालेत जी झुंबड उडाली, त्यात 75 टायटन गेले, आणि टायटन म्हणजे त्या गेममधलं सर्वात मोठं, बांधायला आठवडे लागणारं जहाज. हरलेल्यांचं काय झालं ते सोडा. जहाजं बांधणाऱ्यांची चांदी झाली. आल्बियन ऑनलाइनमध्ये पूर्ण लुटीच्या भागात मेलात तर अंगावरच्या काही वस्तू नष्ट होतात आणि उरलेल्या मारणाऱ्याला मिळतात. सगळ्याच मारणाऱ्याच्या हाती लागल्या असत्या तर वस्तूंनी फक्त मालक बदलला असता.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण नवखे डिझायनर नेमके इथेच घसरतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चिलखत झिजतं, तुम्ही सोनं देऊन ते दुरुस्त करता. यात सोनं जगातून बाहेर गेलं, चिलखत जिथल्या तिथे राहिलं. ही नाण्यांची आटणी झाली, वस्तूंची नाही, आणि चिलखत बनवणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. ओल्ड स्कूल रूनस्केपने 2021 च्या डिसेंबरात दोन्ही जोडलं: मुख्य बाजारातल्या विक्रीवर एक टक्का कर लावला आणि त्या पैशातून ठरावीक वस्तू बाजारातून विकत घेऊन त्या कायमच्या पुसायला सुरुवात केली. युक्ती साधी आहे आणि कुणाच्या हातातली वस्तू हिसकावत नाही. लहान टीमलाही जमण्यासारखी आहे.

तुमच्या गेममध्ये मी कट्यार फटकन तुटू देणार नाही. भर लढाईत हत्यार तुटलं की खेळाडू गेमला शिव्या घालतो, लोहाराकडे जात नाही. त्याऐवजी प्रत्येक दुरुस्तीगणिक कमाल टिकाऊपणा थोडा उतरवा: 100 चा 92, मग 85, असा. शेवटी एक वेळ अशी येते की दुरुस्तीपेक्षा नवीन घेणं परवडतं, आणि तो निर्णय खेळाडू स्वतः घेतो. दुरुस्ती लोहाराने केली तर घसरण कमी, वाण्याकडे केली तर जास्त. एवढ्या एका नियमाने लोहाराच्या दुकानात रोजची वर्दळ सुरू होते.

आणि जुनी वस्तू मोडीत काढता आली पाहिजे. सराफ्यात तुम्ही रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला जात असालच. एकदा दिवसाउजेडी जाऊन एखाद्या सोनाराच्या पेढीवर बसा. गिऱ्हाईक मोड घेऊन येतं. वजन होतं, कस बघितला जातो, घट कापली जाते, उरलेल्या सोन्याचा नवा दागिना ठरतो आणि घडणावळ वर वेगळी लागते. तुम्हाला हवी ती बरीचशी व्यवस्था त्या गादीवर मांडून ठेवलेली आहे. माल परत येतो पण पुरा येत नाही. मजुरीचा हिशेब मालाच्या हिशेबात मिसळत नाही. आणि दागिन्यावर शिक्का असतो; 1 एप्रिल 2023 पासून तर हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. शिक्क्याचं पुढे सांगतो, आधी घटीचं.

मोडीत 60 टक्के माल परत, असं तुम्ही ठरवलंत समजा. कट्यारीचे तीन लोह, त्याचे 60 टक्के म्हणजे 1.8. एक कातडं, त्याचे 0.6. आता कोड लिहिणाऱ्याने सवयीने पूर्णांक करताना वरचा आकडा धरला, की दोन लोह आणि एक कातडं परत. म्हणजे कातड्याची घट शून्य! त्यात एखाद्या चर्मकाराला तुम्ही आधीच ‘दहातल्या एका वेळी कातडं खर्च होत नाही’ असं कौशल्य देऊन बसला असाल, तर बनवा-मोडा-बनवा या फेऱ्यात कातडं चक्क वाढत जातं. कुणीतरी रात्रभर बॉट (आपोआप खेळणारा प्रोग्रॅम) लावून ठेवतो आणि सकाळी तुमचा कातड्याचा बाजार बसलेला असतो. म्हणून पूर्णांक नेहमी खालचा धरा, आणि उरलेल्या अपूर्णांकाची हवी तर फाशांवर सोडवणूक करा: 1.8 म्हणजे एक नक्की, दुसरा 80 टक्के शक्यतेने. शिवाय एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. विकत घेणं, बनवणं, मोडणं, विकणं या सगळ्या वाटा तिने चालून बघायच्या आणि जिथून निघाली तिथेच जास्त माल घेऊन परत आली तर बोंब मारायची. प्रत्येक पॅचच्या, म्हणजे गेममधल्या बदलांच्या हप्त्याच्या, आधी ती चालवा. कंटाळवाणं काम आहे, पण आयटम डिझायनरच्या नोकरीतला मोठा भाग हाच असतो, जाहिरातीत कुणी सांगत नाही.

आता पॉइंटांचं. ‘बनवलं की पॉइंट’ हा नियम आहे तोवर ढीग लागणारच, कारण तुम्ही पैसे ढिगाचे देताय. ठरावीक रेसिपी पहिल्यांदा बनवली की भरघोस पॉइंट द्या, त्यानंतर भराभर कमी करत न्या. आणि मोठा हिस्सा वस्तू वापरली गेल्यावर द्या: तुमची कट्यार दुसऱ्या कुणी कमरेला लावली, तिने पहिली लढाई मारली, की पॉइंट लोहाराच्या खात्यात. मग लोहार आपोआप विचार करायला लागतो की कुणाला काय हवंय. दोन मित्र एकमेकांच्या कट्यारी लावून-काढून पॉइंट उकळतील, हे धरून चाला. म्हणून एका गिऱ्हाइकाकडून आठवड्याला किती पॉइंट मिळू शकतात याला मर्यादा घाला. शिकाऊ लोहारासाठी सरावाचा तुकडा ठेवा, जो पेटीत जातच नाही, थेट भट्टीत वितळतो.

बॉसच्या ड्रॉपवर मी तुमच्या टीममध्ये असतो तर भांडलो असतो. तयार तलवार बॉसच्या खिशातून पडते तोवर लोहाराचं दुकान चालणं अशक्य. बॉसने द्यावं ते पातं, मूठ, एखादा दुर्मीळ धातू. जोडून घेण्यासाठी माणसाकडेच जावं लागावं. लढणाऱ्यांना वाईट वाटेल की आपलं बक्षीस अर्धवट आलं, म्हणून तो तुकडा मारणाऱ्याच्या नावावर बांधा: विकता येणार नाही, पण लोहाराकडे घडवायला देता येईल. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2022 च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये ऑर्डरची पद्धत आणली ती जवळपास अशीच. गिऱ्हाईक माल देतं, बांधलेला मालसुद्धा. कारागीर मजुरी घेतो, आणि तो त्या वेळी ऑनलाइन नसला तरी ऑर्डर टेबलावर पडून राहते. एवढ्या जुन्या गेमला हे अठरा वर्षांनी सुचलं, तुम्ही पहिल्याच वर्षी करून टाका. चॅटमध्ये ‘भिया, पट्टा बना दो ना, लोहा मेरा’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की समजायचं, गाडी रुळावर आली.

मिनीगेमबद्दल. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये क्राफ्टिंग हे स्वतंत्र क्लास आहेत आणि वस्तू घडवताना प्रगती, दर्जा, टिकाऊपणा यांचा तोल सांभाळत एकेक कृती निवडावी लागते. सुंदर केलंय. तरी लोक शेवटी मॅक्रो (ओळीने करायच्या कृतींची यादी) लिहितात, एक बटण दाबतात आणि चहा घ्यायला जातात. कारण विसावी खुर्ची घडवताना कुणालाच नवल राहत नाही. तेवढी मेहनत तुमच्या पाच जणांच्या टीमला परवडणार नाही. निर्णय बनवण्याच्या आधी ठेवा: कुठलं लोह, कुठला दर्जा, वजन कमी की धार जास्त. या बाबतीत अजूनही 2003 च्या स्टार वॉर्स गॅलक्सीजला तोड नाही. तिथे प्रत्येक खनिजाचा साठा स्वतःचे गुण घेऊन यायचा, काही दिवस टिकायचा आणि संपायचा. तसाच साठा पुन्हा येईलच असं नाही. ज्याने वेळेवर खणून ठेवलं त्याचा माल सरस, आणि लोक दुकानदाराला नावाने ओळखायचे. एवढा पसारा तुम्ही करू नका. मांडूच्या डोंगरातलं लोह या आठवड्यात लवचिक, पुढच्या आठवड्यात कडक, एवढं फिरवलंत तरी कारागिराच्या डोक्याला काम मिळतं.

अपयशाचे फासे हा नाजूक विषय. हत्यार एक पायरी वर चढवायला तुम्ही 30 टक्के शक्यता ठेवलीय. सरासरीने साधारण 3.3 प्रयत्न, कागदावर ठीक. पण ओळीने दहा वेळा अपयश येण्याची शक्यता 0.7 चा दहावा घात, म्हणजे 2.8 टक्के. दोन हजार जणांनी नशीब आजमावलं तर पन्नासहून जास्त जण दहादा तोंडघशी पडले, आणि तेच सगळीकडे जाऊन सांगणार की गेम फसवतो. त्यांचंही चूक नाही. त्याऐवजी प्रत्येक अपयशानंतर शक्यता दहा टक्क्यांनी चढवा: 30, 40, 50. आठव्या प्रयत्नाला 100. आता सर्वात कमनशिबी माणूसही आठव्याला सुटतो. सरासरी प्रयत्न मात्र अडीचच्या खाली येतात, म्हणून दर प्रयत्नाचा माल साधारण एक-तृतीयांशाने वाढवा, म्हणजे एकूण खर्च होता तिथेच राहील. आणि चढती शक्यता पडद्यावर दाखवा. लपवून ठेवलेली दया कुणाला दिसत नाही.

‘प्रत्येकाला फक्त एकच धंदा’ हा नियम मोठ्या सर्व्हरवर शोभतो. तुमच्याकडे एका वेळी दोन-तीनशे माणसं. त्यातला ढाल बनवणारा एकमेव पोरगा परीक्षेला बसला की गावात ढाल मिळेना. पहिल्या दहा लेव्हल सगळ्यांना सगळं शिकू द्या, वरच्या पायऱ्यांवर निवड करायला लावा, आणि निवड बदलायची सोय थोडी महाग ठेवून द्या.

शिक्का राहिला होता. प्रत्येक बनलेल्या वस्तूला स्वतंत्र क्रमांक द्या आणि तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरा. नावाचा उपयोग उघड आहे, चांगल्या लोहाराचा बोलबाला होतो. क्रमांकाचा उपयोग त्याहून मोठा आणि तो फक्त तुम्हाला दिसतो: एकाच क्रमांकाच्या दोन कट्यारी सापडल्या की कुठेतरी डुप्लिकेशनचं भोक आहे. अशी भोकं बहुतेक क्राफ्टिंग आणि देवघेव यांच्या सांध्यात असतात. खेळाडू ‘बनवा’ दाबतो, मोबाइलचं नेटवर्क हेलकावे खातं, उत्तर येत नाही, तो पुन्हा दाबतो. सर्व्हरने दोन्ही मागण्या वेगळ्या समजल्या तर दोन कट्यारी. म्हणून प्रत्येक मागणीला फोननेच एक क्रमांक लावावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवीन काही न बनवता पहिलंच उत्तर परत द्यावं. माल वजा होणं आणि वस्तू जमा होणं एकाच डेटाबेस व्यवहारात बांधा. झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. फासे सर्व्हरवरच टाका, फोनवर कधीही नाही. आणि देवघेवीच्या खिडकीत ठेवलेली वस्तू त्या वेळेपुरती कुलूपबंद करा, म्हणजे एका हाताने देता-देता दुसऱ्या हाताने ती मोडीत टाकता येणार नाही.

पडद्याबद्दल फार सांगत नाही. पेटीतला माल पेटीतूनच वापरता यावा, काय कमी पडतंय आणि ते कुठे मिळतं ते तिथेच दिसावं, दहा नग एकदम लावता यावेत. एका दुपारचं काम आहे आणि खेळाडू सगळ्यात जास्त दुवा त्यालाच देतात.

तुमच्यातल्या एकाने नाणी रुपयांत वटवू द्यावीत का असं विचारलंय. अजिबात नको. डायब्लो थ्रीने 2012 मध्ये खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं आणि मार्च 2014 मध्ये बंद केलं, कारण बाजारातून वस्तू घेणं सोपं झाल्यावर राक्षस मारायचं कारणच उरत नव्हतं. शिवाय आपल्याकडे 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातलीय. फासे, पैसे लावून घेतलेला माल आणि रोख परतावा एकत्र आले की तुम्ही त्या हद्दीच्या फार जवळ जाता. दुकानात पोशाख, रंग, झेंडे विका, आणि तेही वकिलाला दाखवून.

राहता राहिला आत्ताच पेट्यांत पडलेला कट्यारींचा साठा. तो तसाच ठेवून वरचे नियम लावलेत तर पुढचे कित्येक महिने कुणी नवीन कट्यार घेणार नाही आणि तुम्हाला वाटेल की नियमच फसले. सर्व्हरभरच्या एका कामात तो जिरवा. 2006 च्या सुरुवातीला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आनकिराजचं दार उघडण्याआधी अख्ख्या सर्व्हरने जखमेच्या पट्ट्या, धातूच्या लगडी, कातडी, शिजवलेलं अन्न असं ढिगाने आणून ओतलं होतं. तुम्ही किल्ल्याच्या नव्या दरवाजासाठी लोखंड मागा, कट्यारी वितळवून. ज्याने जितक्या दिल्या तितकं त्याचं नाव दरवाजावर वर. फक्त क्रम चुकवू नका: वाण्याची खरेदी आधी बंद करा, पॉइंटांचा नियम त्याच पॅचमध्ये बदला, आणि मगच दरवाजाची घोषणा करा. उलट केलंत तर घोषणेच्या रात्रीच लोक दरवाजासाठी म्हणून आणखी लाखभर कट्यारी ठोकून ठेवतील.